नकाशावरचा रुमाल

तालुक्याच्या सभागृहात पुढच्या वीस वर्षांच्या रस्त्यांची आणि बसगाड्यांची जनसुनावणी होती. निम्म्या खुर्च्या रिकाम्या, तरी येणारा प्रत्येक जण आधी खुर्चीवर रुमाल टाकत होता. एसटीची सवय, दुसरं काय! आपलं काहीतरी आधी ठेवलं की जागा आपली, यावर आमच्याकडे कायद्याहून जास्त विश्वास.

तरुणपणी मीही खिडकीतून रुमाल टाकायची. एकदा तर मोठ्या ऐटीत भलत्याच गावच्या गाडीत टाकला. गाडी रुमालासकट गेली आणि मी महाराणी स्टँडवर उभी!

टेबलावरच्या नकाशात आमच्या फाट्यावरून पूल जात होता. म्हणजे बस वरून निघून जाणार, फाट्यावर थांबणारच नाही. शेजारची कुसुम त्याच बसने डायलिसिसला जाते. ती पुटपुटली, "आक्का, वीस वर्षांचं राहू द्या, माझ्या मंगळवारचं विचारा."

मी विचारलं. टेबलामागचे रस्तेखात्याचे साहेब म्हणाले, "आजी, बघू पुढे."

मी कमरेचा रुमाल काढून नकाशातल्या आमच्या फाट्यावर पसरला.

"हे काय?"

"जागा धरलीय. आणि या वेळी गाडी नीट बघून टाकलाय."