साडूच्या माशांची झिलई

पॉलिशवाल्यांनी एकतीस वर्षं लोकांची कपाटं, दारं, टेबलं चमकवली. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी ते दाराच्या चौकटीवरून बोट फिरवायचे, आणि काम दुसऱ्याचं असलं की नाक मुरडायचे. माणूस वाईट नव्हता. पण दुसऱ्याच्या हातचं चांगलं काम त्यांना सोसत नसे. पोटात दुखायचं, अगदी खरोखरचं. मग बायको काही न विचारता सोड्याचं पाणी करून द्यायची.

दर रविवारी ते साडूबरोबर तळ्यावर गळ टाकायला जात. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पोस्टात कारकून, जन्मात ब्रश न धरलेला. दोघंही गळाला खोटे मासे लावत. बोटभर लांब, हलक्या लाकडाचे, घरी कोरून रंगवलेले. पाण्यातून ओढले की खरं पिल्लू पळतंय असं वाटून मोठा मासा झडप घालायचा.

कोरण्यात पॉलिशवाल्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. खवले, कल्ले, डोळे, सगळं जिवंत. पण वरचा थर टिकेल तर शपथ! लाखेचं पॉलिश पहिल्याच रविवारी पाण्यात पांढरं पडलं. मग वॉर्निशचे तीन हात दिले. महिन्याभरात ते तडकलं, लाकूड फुगलं आणि रंगाचे पोपडे सुटले. साडूचे मासे मात्र ओबडधोबड, एक डोळा वर एक खाली, पण अंगावर काचेसारखी झिलई. दातांचे ओरखडे उठायचे, खालच्या रंगाला धक्का नाही. तळ्यावरची मंडळी ते मासे हातोहात फिरवून बघायची.

“पॉलिशवाले, तुम्ही तरी बघा हो काय लावलंय,” एकजण म्हणाला.

“बघितलंय,” ते म्हणाले आणि पाण्याकडे तोंड करून बसले.

एकदा त्यांनी साडूला विचारलंही. साडू हसला. “अहो साडूभाऊ, मला काय कळतं त्यातलं? लावलंय झालं काहीतरी.”

काहीतरी! त्या एका शब्दाने पॉलिशवाल्यांचा आठवडा नासला. लपवतोय लेकाचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. त्यात घरी बायको बोलून गेली, “धाकटीच्या घरच्या माशांत तोंड दिसतं म्हणे!” त्या दिवशी त्यांनी भाजीला मीठ कमी म्हणून ताट सरकवलं. मीठ बरोबर होतं.

पुढच्या रविवारी साडू चहा आणायला गेला, तेव्हा पॉलिशवाल्यांनी त्याच्या डब्यातला एक मासा खिशात टाकला. आयुष्यात कुणाची सुईसुद्धा न उचललेला माणूस! दुसऱ्या दिवशी, ते कामाला होते त्या फर्निचरच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी तो करवतीने उभा चिरला. वर इपॉक्सीचा, म्हणजे सुकल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या रसायनाचा, जाड, सारखा थर. तो ओळखणं त्यांना अवघड नव्हतं. पण रंगाच्याही खाली, लाकडाच्या अंगात, छिद्रं बुजवणारा पातळ सीलर मुरलेला होता. गळ अडकवायचा आकडा बसतो त्या भोकातसुद्धा! म्हणूनच पाण्याला आत शिरायला वाट नव्हती. इतकं नेटकं काम कारकुनाला शिकवलं कुणी?

बुधवारी सकाळी, साडू कामावर असताना, ते त्याच्या घरी गेले. कारण सांगायला कपाटाच्या बिजागरीचं तेल बरोबर घेतलं होतं. दार मेहुणीने उघडलं. तिची बोटं चिकट होती.

“या भावोजी, पण बोलत बोलत काम करते हं. सोडून चालत नाही.”

स्वयंपाकघरात दोन खुर्च्यांच्या पाठींना तार बांधून त्यावर सात मासे आडवे टांगले होते. ओल्या इपॉक्सीने चमचमत होते. मेहुणी दर थोड्या वेळाने एकेक मासा अर्धा फिरवत होती, म्हणजे थर एका बाजूला ओघळू नये. मध्येच डाळ ढवळायची, पुन्हा मासे फिरवायची.

पॉलिशवाले खाली बसले. “हे... तू करतेस?”

“मग कोण? ह्यांना धीर कुठला! हे कोरतात, पुढचं सगळं माझं.”

“पण शिकलीस कुठे?”

“तुमच्याकडेच की!” ती हसली. “हे कपाट तुम्ही इथे बसून केलंत, तेव्हा मी चार दिवस बघत होते. तुम्ही म्हणाला होतात, लाकडाचं तोंड आधी बंद करायचं, कानेकोपरेसुद्धा, सुकवायचं, घासायचं, मगच चमक. विसरलात?”

विसरले नव्हते. मासे म्हणजे खेळणं, त्याला कशाला एवढं, असं म्हणून त्यांनीच ते गाळलं होतं. कपाटाच्या बिजागरीला तेल घालून ते घरी आले. चिरलेल्या माशाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. पण रविवारी मंडळींनी पुन्हा साडूची वाहवा सुरू केली आणि ते उसळून उठले. “ह्याचं काय कौतुक करता? सगळं ह्याची बायको करते!”

साडू शांतपणे म्हणाला, “हो, तीच करते. मी केलं असं कधी म्हटलं? तुम्ही कुणी विचारलंच नाही.”

“मी विचारलं होतं!”

“तुम्ही काय लावलंय ते विचारलंत, साडूभाऊ. कुणी लावलंय ते नाही.”

सगळे हसले. त्या दिवसापासून तळ्यावरचे लोक आपापले कोरलेले मासे मेहुणीकडे पोचवू लागले.

पॉलिशवाल्यांनी मग हट्टाने, रीतसर, सगळ्या पायऱ्या पाळून पाच मासे केले. आकड्याच्या भोकांतसुद्धा सीलर मुरवला. थर असा बसला की त्यांना स्वतःलाच तो पुन्हा पुन्हा बघावासा वाटे. तीन महिने तळ्यात राबवले तरी एक पोपडा नाही. एका रविवारी शेजारच्या म्हाताऱ्याने त्यातला एक उचलला, उन्हात धरला आणि म्हणाला, “वा! मेहुणीबाईंकडून करून घेतलात का?”

“माझा आहे,” पॉलिशवाले म्हणाले.

“असं? अगदी त्यांच्यासारखा जमलाय हो!”

तीन दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी आपल्या पेटीतला सगळ्यात बारीक पॉलिश पेपर काढला आणि मेहुणीकडे नेऊन दिला. “दोन थरांच्या मध्ये हा वापर,” एवढंच म्हणाले. तिने लगेच वापरून बघितला आणि खुश झाली. पॉलिशवाले तारेवरचे मासे एकेक करून निरखत उभे राहिले. कुठे बुडबुडा राहिलाय का, कुठे ओघळ आलाय का. एकही सापडला नाही.