शेजारचा उमेदवार

इथे परदेशात, वेस्टमीड उपनगरातला आमचा शेजारी आधी डॉक्टर होता, मग वकील झाला आणि करोनाच्या काळात कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीला उभा राहिला. कुंपणापाशी भेटला की म्हणायचा, "आधी कुठे दुखतंय ते सांग, मग कायदा बघू, मत शेवटी मागतो." मला एक डिग्री धड पेलली नाही, त्यामुळे त्याचा प्रचार मी घरचं कार्य असल्यासारखा केला.

निकालाच्या दुपारीच करोना झालेल्या बायकोला धाप लागली. मी कौतुकाने आणलेला ऑक्सिमीटर नेमका बंद पडला. हाक मारताच शेजारी मास्क लावून खिडकीबाहेर हजर झाला. खिशात फोन वाजत होता, पण त्याने तो काढलाही नाही.

"वहिनी, एका दमात काहीतरी लांबलचक बोला."

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांना माझ्यापेक्षा तुमच्या निकालाची काळजी, सकाळपासून फोन घेऊन बसलेत, काढा उतू गेला तो पुसला नाही, आणि आता मलाच भाषण करायला लावतायत."

त्याने आनंदाने दोन्ही हात वर केले. "दम शाबूत आहे!"

मग फोन घेतला. आम्ही काचेला नाक लावून बघत राहिलो.

"हरलो," तो म्हणाला आणि लगेच खिडकीकडे वाकला. "वहिनी, आता पालथ्या झोपा. संध्याकाळी परत येतो, तेव्हा ह्याच्याबद्दल आणखी सांगा."