फोमखालचा सेल

गल्लीत त्याला सगळे मीटर म्हणत. व्होल्ट मोजायचं यंत्र गळ्यात अडकवूनच तो जेवायला बसे, त्यावरून. सख्खी बहीणही मीटरच म्हणे. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं.

वीस वर्षं बॅटऱ्या उघडण्यात गेली. विजेवर चालणाऱ्या जुन्या गाडीचा बॅटरी-पॅक त्याला नीट लावलेल्या कपाटासारखा वाटे. झाकणाचे स्क्रू काढले की आत सेलचे खण, खणांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, पट्ट्यांना नट. एक खण आजारी पडला तर तेवढाच काढायचा, त्याच्या ताकदीचा दुसरा शोधून बसवायचा. काम करताना डावा हात खिशात. दोन्ही हात लागले तर वीज छातीतून जाते. बायको म्हणे, घरीसुद्धा याचा एकच हात चालतो.

मग ताईची गाडी बंद पडली. ताईच्या नवऱ्याला, म्हणजे भावजींना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. चाळीस किलोमीटर. बसचे धक्के त्यांना सोसत नव्हते. कंपनीच्या वर्कशॉपने सांगितलं की अख्खा पॅकच बदलावा लागेल, आणि या मॉडेलचा पॅक आता बनत नाही. शेजाऱ्याने पंधरा दिवसांपुरती आपली गाडी दिली. तेवढ्या दिवसांत ताईची गाडी सुरू झाली नाही, तर भावजींना घर सोडून इस्पितळाजवळच्या रुग्णनिवासात राहावं लागणार होतं. तिथे एकेका खाटेची जागा, घरच्यांनी भेटून परत जायचं.

"उघडलं की कळतं," मीटर म्हणाला. हे तो प्रत्येकाला म्हणे.

झाकण स्क्रूंवर नव्हतंच, चिकटवलेलं होतं. ते कापण्यात दोन दिवस गेले. आत खण नव्हते, नट नव्हते. काठोकाठ गुलाबी फोम, वाळून विटेसारखा कडक झालेला, आणि त्यात आठशे अठ्ठावीस सेल पुरलेले. वरच्या तारांवरून एवढं वाचता आलं, की ब्याण्णव गटांतले एक्क्याण्णव ठणठणीत आहेत. एका गटातला एक सेल फुटून पाझरत होता. नुसती तार कापून भागणार नव्हतं, तो बाहेर काढायलाच हवा होता. नाहीतर शेजारचे सडले असते.

लोखंडी हत्यार आत घालायची सोय नव्हती. मीटरने लाकडी पट्टीला धार काढली आणि फोम खरवडायला बसला. दिवसाकाठी जेमतेम नखभर खोली. शेजाऱ्याच्या गाडीतून इस्पितळातून परतताना भावजी मीटरच्या वर्कशॉपमध्ये उतरत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून खड्डा बघत. एकदा ताईला म्हणाले, "बघ, निदान मला उघडता तरी येतं." ताई हसली नाही. मीटर मान खाली घालून हसला.

अकराव्या दिवशी तो सेलच्या तळापर्यंत पोचला. जुन्या पॅकमध्ये चिकटलेला सेल काढायची त्याची एक रीत होती. चिमट्यात धरून हलका पीळ द्यायचा, डिंक तुटला की सेल हातात. वीस वर्षांत हजारदा केलेलं. त्याने पीळ दिला.

सेल सुटला. त्याच्याबरोबर पत्र्याचा एक पापुद्राही आला. इथे सेल तळाला नाही, गारव्याचं पाणी फिरवणाऱ्या चपट्या नळीला चिकटवलेला होता. ते पाणी त्याने आधीच काढून टाकलं होतं. पण नळीच्या वळणांत पेलाभर उरलं असावं. ते खड्ड्यात वर आलं आणि फोमने पिऊन टाकलं. मीटर गळ्यातल्या यंत्राचा काटा बघत उभा राहिला. एकेका गटाचे व्होल्ट उतरत गेले. डावा हात तेव्हाही खिशातच होता.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे लोक मुद्दाम करतात का रे असं?"

"नाही गं. फोममुळे गाडी हलकी होते, धडकेत टिकते. चांगलंच बनवलंय त्यांनी. माझा हात जुना होता."

ती उठून भावजींच्या सदऱ्यांच्या घड्या करू लागली.

ओला पॅक पेट घेऊ शकतो म्हणून तो वर्कशॉपमागच्या अंगणात वाळूवर ठेवला होता, तापमापक लावून. रुग्णनिवासाकडे निघताना भावजींनी विचारलं, वाळल्यावर पुन्हा उघडता येईल का? मीटर म्हणाला, बघू. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, बघू निघालं.

रुग्णनिवासातून भावजींचा मीटरला रोज संध्याकाळी फोन येई. ताईचं, घराचं विचारून झालं की शेवटी, "आज किती?"

"एकतीस."

"म्हणजे तापत नाहीये. वाळतोय."

सहाव्या दिवशी भंगारवाल्यांचा ट्रक आला. असले पॅक ते उघडत नाहीत, अख्खेच दळून काढतात. ते पॅक घेऊन गेले, वाळूत चौकोनी ठसा तेवढा उरला. ताई कठड्यापाशी उभी राहून बघत होती.

संध्याकाळी फोन वाजला. ताई समोरच बसली होती.

"आज किती?"

मीटरने तिच्याकडे बघितलं. ती खिडकीकडे बघत होती.

"तीस," तो म्हणाला.

"एकाने उतरला की रे," भावजी म्हणाले.