मलमलीआडची तीन पिल्लं

शिकारी तितर घेऊन आला, की करीमसाहेब मांस त्याचं त्याला परत देत आणि आतडी तेवढी मागून घेत. धारूरच्या जनावरांच्या दवाखान्यात ते सलोत्री होते, म्हणजे गुरांचे डॉक्टर; मी त्यांचा कारकून. बैल तपासून झाले की ओट्यावर बसून ते ती आतडी कात्रीनं उभी उसवत, थाळीत धुवत आणि भिंगाखाली फितीसारखे पांढरे जंत बघत. कुणी नाक दाबलं तर म्हणत, "आदमी खोटं बोलतो, आतडं न्हाई बोलत."

रानातल्या तितराला हे जंत लागतात कुठून, एवढाच त्यांचा ध्यास. जंत आधी शेणातल्या किड्याच्या अंगात वाढतो आणि तो किडा खाल्ला की तितराच्या पोटात उतरतो, असा त्यांचा अंदाज होता. "खयाल हाय नुसता. साबित करावं लागंल, दत्तोबा."

त्यासाठी त्यांनी रानातली अंडी कोंबडीखाली उबवली. सहा पिल्लं निघाली, ती लगेच वेगळी केली. तिघांना शेणातले किडे. तिघांना फक्त उकडलेलं अंडं आणि बाजरी. या तिघांच्या पिंजऱ्याला मलमल गुंडाळली, मुंगीसुद्धा शिरू नये म्हणून. ही तीन जंतांवाचून कोरी राहिली, तर सगळं हैदराबादच्या वरच्या कचेरीला लिहून पाठवायचं होतं.

मग साहेब आठवडाभर पाटोद्याला गेले, गुरांची साथ होती. इकडे मलमलीआडचं एक पिल्लू पिसं फुलवून बसलं. आमच्याकडे तितर पाळणारे रोज सकाळी पिंजरा रानात नेतात, वाळलेलं शेण उलटून खालचे किडे पाखराला टिपू देतात. माझे वडीलही तेच करत. एका सकाळनं काय बिघडतंय, असं म्हणून मी मलमल वर केली आणि तिघांना पोटभर किडे घातले. पिल्लू हुशारलं. मला बरं वाटलं, आणि साहेबांना सांगायचं राहिलं.

पुढं साहेबांनी सहाही पिल्लं मारून पोटं उघडली. सहांतही जंत. थाळी मीच धरली होती. एकेक आतडं त्यांनी पुन्हा भिंगाखाली धरलं. "गलत निकला. किड्याचा कायबी संबंध न्हाई." मी थाळी धुवायला नेली. दोन वर्षं जमवलेल्या जंतांच्या बाटल्या त्यांनी ओढ्यात रिकाम्या केल्या आणि शिकाऱ्यांना सांगून टाकलं, आता आणू नका.

चार वर्षांनी ते बीडला घरी अंथरुणाला खिळले, तेव्हा जाऊन सांगितलं.

"किडे शेणातलेच व्हते?"

"हो."

"तिघांनीबी खाल्ले?"

"हो, साहेब."

त्यांनी डोळे मिटले. "मंग खयाल बराबर व्हता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तवाच काहून न्हाई सांगितलं, बे?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला 'बे' कधी म्हटलं नव्हतं. आतून दवा घेऊन त्यांची बेगम आली, तोवर ते माझ्या तोंडाकडे बघत होते.