तेवीस आकडी संख्या

माझा थोरला भाऊ चष्म्याच्या काचा घासतो. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, तीस वर्षं. वहिनी गेली आणि पाचव्या दिवशी हा कामावर हजर. मालक म्हणाले, सुट्टी घ्या, तर म्हणे, "घरी बसून काय करू?" लोकांना वाटलं, दगडाच्या काळजाचा आहे. मला लोकांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा त्याचाही. रडत नव्हता, चिडत नव्हता. वाढलं की जेवायचा. मीठ कमी पडलंय का विचारलं, तर "असेल" म्हणायचा.

संध्याकाळी सात वाजले की मात्र वही काढून भागाकाराला बसायचा.

ही वहीची भानगड अकरा वर्षांपूर्वीची. मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या संध्याकाळी दोघं घरी येऊन नुसती बसून होती. तशी दोघंही घुमीच. शेवटी वहिनी म्हणाली, "एक आकडा सांगा." दादाने सांगितला. मग तिने एक, मग पुन्हा त्याने एक. चिठ्ठीवर तेवीस आकडे झाले. एवढ्या मोठ्या संख्येला कशाने भाग जातो, की जातच नाही, हे हाताने शोधायचं ठरलं. मूळ संख्या ओळीने घ्यायच्या: दोन, तीन, पाच, सात, अकरा. रोज एक. दादा भागायचा आणि वहिनी नवाचा ताळा करायची, म्हणजे आकड्यांच्या बेरजेवरून तपासायची. मला साताच्या पाढ्यालाही घाम फुटतो. मी म्हणायचे, "कॉम्प्युटरला विचारा, चुटकीसरशी सांगेल." वहिनी म्हणायची, "त्याला कशाला त्रास?"

साडेतीन हजारांवर भागाकार झाले. भाजक तेहतीस हजारांच्या घरात पोचले, तरी बाकी उरतच होती. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तिने दादाला बजावलं, "अर्धवट सोडू नका. भाग गेला की मला सांगा." त्याने मान हलवली. तिच्यासाठी करण्यासारखं त्याच्या हातात आता एवढंच उरलं होतं.

परवा रविवारी मी वहिनीचं कपाट आवरायला गेले. स्वेटरखाली ती जुनी चिठ्ठी सापडली. बरं वाटेल म्हणून मी ती दादापुढे ठेवली. नसती उठाठेव! त्याने ती वहीच्या पहिल्या पानाशी ताडून पाहिली, आकड्याआकड्यावर बोट ठेवून, दोनदा.

"इथे त्र्याऐंशी आहे," तो म्हणाला. "वहीत अडतीस."

वहीत संख्या वहिनीनेच उतरवली होती. मधले दोन आकडे उलटे पडले होते.

"पण तिने ताळा केला असेल ना?" मी विचारलं.

"केला होता. आकडे उलटे झाले तरी बेरीज तीच. ताळा जुळतोच."

"मग आता?"

"दोन, तीन आणि पाच तेवढे खरे. त्यांना या अदलाबदलीने फरक पडत नाही. पुढचे सगळे भागाकार भलत्याच संख्येचे."

गिऱ्हाइकाला काचेचा नंबर सांगावा तसं त्याने हे सांगितलं. अकरा वर्षं पाण्यात!

त्याने कोरं पान काढलं, चिठ्ठीवरची संख्या लिहिली आणि साताने भागायला सुरुवात केली. मी उभीच होते. खालपर्यंत आला आणि थांबला. बाकी शून्य. बाजूला पुन्हा भागाकार मांडला. पुन्हा शून्य.

"गेला की रे भाग! सांग तिला," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

दादाने पेन खाली ठेवलं. "चौथ्याच संध्याकाळी गेला असता," तो म्हणाला.

"हो ना."

"तिथेच संपलं असतं सगळं."

वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच त्याचे डोळे भरून आलेले मी पाहिले. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"मग पाचव्या दिवशी आम्ही दोघं काय बोललो असतो गं?"