उत्तरेश्वरचा शेवटचा हप्ता

नेकनूरच्या उत्तरेश्वरचा मंडपाचा धंदा टाळेबंदीत बुडाला. लग्नंच बंद पडली, तेव्हा कनाती, खांब, खुर्च्या, भोंगे, सगळं बँकेनं कर्जापोटी ओढून नेलं. लिलावात ते सामान सुंदररावांनी पुतण्याच्या, भागवतच्या नावावर मातीमोल भावानं उचललं. लिलावानंतरही उरलेलं बँकेचं देणं फेडायला उत्तरेश्वरनं पैसे घेतले होते तेही याच सुंदररावांकडून, महिना शेकडा पाच व्याजानं. बँकेपासून सुटका झाली, सुंदररावांपासून झाली नाही. आपल्याच कनाती तो आता भागवतकडे रोजंदारीवर ठोकायचा आणि ती मजुरी व्याजात जिरायची. कनातीला हात लावताना त्याला दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवल्यासारखं वाटे.

सुंदरराव दिसायला सोज्वळ. कपाळाला अष्टगंध, तोंडात सतत पान. व्याजाच्या नोटा थुंकी लावून मोजायचे आणि तोच अंगठा उत्तरेश्वरच्या पोराच्या डोक्यावर ठेवून आशीर्वाद द्यायचे. पोर घरी येताच उत्तरेश्वरची बायको योगिता त्याला न्हाऊ घालायची.

शेवटच्या हप्त्याचे वीस हजार तिच्या शेळ्या विकून उभे राहिले. उत्तरेश्वर पैसे घेऊन बंगल्यावर गेला, तर सुंदररावांनी हात मागे घेतला.

"आज नको. परवा आमच्या पोरीचं, स्वप्नालीचं लग्न हाय. मांडवात दे, चार लोकांदेखत. लोकांना बी कळू दे, आपण माणूस कसा उभा केला."

"अण्णा, तिथं कशाला?"

"का रं? फेडायची लाज वाटती का?"

लग्नात तो पाकीट घेऊन स्टेजवर चढला. इकडं आहेर माईकवरून पुकारतात. सुंदररावांनी पाकीट घेतलं आणि न बघताच शेजारी माईक धरून बसलेल्या भागवतकडं सरकवलं. भागवतनं नोटा मोजल्या.

"नेकनूरचे उत्तरेश्वर यांच्याकडून वीस हजार रुपये आहेर!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली.

"अण्णा, हप्ता हाय तो," उत्तरेश्वर पुटपुटला.

सुंदरराव फोटोवाल्याकडं बघून हसत राहिले. "आता पुकारलं की. पुकारलेला आहेर कुणी माघारी घेतं व्हय? हप्त्याचं बघू पुढल्या महिन्यात." पानानं लाल झालेले ते दात इतक्या जवळून पाहून उत्तरेश्वरनं तोंड फिरवलं.

खाली बायकांत बसलेल्या योगितानं आहेराची पुकार ऐकली होती. ती स्टेजवर आली आणि भागवतच्या हातून तिनं माईक ओढून घेतला.

"त्यो आहेर न्हाई. माझ्या शेळ्या हायेत त्या. अण्णांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता. पाव्हणं, तुमी साक्षीदार ऱ्हावा. अण्णा, फिटलं का न्हाई, सांगा."

सोफ्यावर बसलेले नवऱ्या मुलाचे वडील, आष्टीचे विजयसिंह, पुढं झुकून बघू लागले. व्याह्यांचे डोळे आपल्यावर आहेत हे सुंदररावांनी पाहिलं.

"फिटलं, बाई, फिटलं. माईक ठेव खाली."

"आन् तारण म्हणून सही घेतलेला कोरा चेक?"

"उद्या देतो."

"आत्ता."

बंगल्यावरून चेक येईस्तोवर ती हलली नाही. आला तसा तिनं तो सगळ्यांदेखत फाडला.

उत्तरेश्वर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारत होता. विजयसिंह मागून आले. पंगतीतून उठलेले, हात अजून तुपकट. तोच हात त्यांनी त्याच्या खांद्यावर टाकला.

"तुमची नियत लई साफ हाय. असा फेडणारा माणूस आजकाल घावत न्हाई. नवा मंडप टाका की. पैसे मी देतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपल्या माणसाला शेकडा चार."

उत्तरेश्वरनं खांदा सोडवून घेतला. शर्टावर तुपाची पाच बोटं उमटली होती. तो योगिताकडं गेला. "चल."

"जेवायचं न्हाई?"

"इथलं पाणी बी नको."

रस्त्याला लागल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणत व्हता त्यो?"

"शेकडा चार."

योगिता थांबली, रस्त्याच्या कडेला थुंकली आणि पदरानं तोंड पुसून चालू लागली.