मुश्ताकसाहेबांची गच्ची

हेमलताबाईंनी आयुष्याकडे फार काही मागितलं नव्हतं. हिवाळ्यात पाठीवर ऊन हवं, बस्स. नोकरी सगळी दिल्लीत, केंद्र सरकारात गेली आणि संसार सगळा सरकारी क्वार्टरच्या तळमजल्यावर. दारात कडुनिंब, त्यामुळे जानेवारीत घर नुसतं गारठलेलं. गुडघे धरले ते तिथेच. म्हणून निवृत्तीनंतर घर घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी नवऱ्याला, श्यामकांतरावांना, बजावलं होतं, "कुठेही घ्या, पण सगळ्यात वरचा मजला घ्या. गच्चीत खुर्ची टाकून मला उन्हात बसायचंय."

लेक अलका नोएडात राहायची. तिच्या शेजारची इमारत चांगली होती, लिफ्ट होती. पण श्यामकांतरावांना इतिहासाचं वेड. महाराष्ट्रातून कुणीही पाहुणा आला की त्याला धरून पानिपतला, लढाईच्या जागेवरचा काला अंब दाखवायला न्यायचे. पाहुण्याला करोलबागेत साड्या घ्यायच्या असल्या तरी. "नोएडाला सेक्टरचे नंबर आहेत, इतिहास कुठाय?" असं म्हणून त्यांनी दर्यागंजच्या एका जुन्या गल्लीत वरचा मजला पसंत केला. घरमालकाने चहा पाजला, भाईसाहब म्हटलं, आणि श्यामकांतराव विरघळले. व्यवहार पुरा झाल्यावर कळलं की मजला यांचा, पण वरची गच्ची मुश्ताकसाहेबांची. दिल्लीत गच्ची वेगळी विकतात म्हणे!

"अहो, मग विचारलं का नाही?"

"त्यांनी इतकं प्रेमाने बसवलं. चहा पिता पिता कसं विचारणार?"

बाई हताश होऊन नळाखाली भांडी आदळत राहिल्या.

पुढची गंमत तर वेगळीच. गच्ची मुश्ताकसाहेबांची, पण तिथे जाणारा जिना यांच्या व्हरांड्यातून. साहेब राहायचे पलीकडच्या गल्लीत आणि त्यांची कबुतरं गच्चीवर. सकाळ-संध्याकाळ ते दार वाजवायचे, अदबीने सलाम करायचे, आणि जिन्याच्या तळाशी उभं राहून वर तोंड करून ओरडायचे, "पर्दा कर लीजिए, ऊपर आ रहे हैं!" गच्चीवर चढण्याआधी वरच्या बायकांना सावध करायची ही तिथली जुनी रीत. मग वर कडी खणखणायची. जिन्याच्या टोकाला, दाराच्या कडीत, नारळाएवढं कुलूप लोंबत असलेलं बाईंना खालूनच दिसायचं.

"कुणाला सांगतो हा पर्दा करायला? कबुतरांना?" बाई फणफणायच्या. "गच्ची माझी आहे, हे रोज दोनदा ऐकवतोय मला."

"तू विचार ना त्याला, थोडा वेळ बसू का म्हणून," श्यामकांतराव म्हणायचे.

"मी विचारू? घर तुम्ही घेतलंत!"

विचारलं कुणीच नाही. लोकांना वाटेल, आले नाहीत तोवर जागा बळकावायला निघाले! आणि दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, हे तर हाडीमाशी मुरलेलं. असा अख्खा हिवाळा सरत आला. बाई व्हरांड्यात शाल लपेटून बसायच्या आणि समोरच्या भिंतीवर हळूहळू वर सरकणारं ऊन बघायच्या.

मग आठवडाभराचं धुकं हटून लख्ख ऊन पडलं, आणि त्या दिवशी बाईंचं डोकं सटकलं. संध्याकाळी दार वाजलं तरी त्यांनी उघडलं नाही. उलट आतून कडी लावून घेतली.

"अगं, म्हातारा उभाय बाहेर," श्यामकांतराव कासावीस झाले.

"राहू दे. गच्ची त्याची ना? जाऊ दे उडत!"

मुश्ताकसाहेबांनी वाद घातला नाही. पुन्हा दार वाजवलं नाही. ते खाली गल्लीत गेले आणि आभाळाकडे बघून "आऽ, आऽ" करत राहिले. सकाळी सोडलेली कबुतरं परतली होती. घराभोवती घिरट्या घालत होती, पण माणूस गच्चीवर नाही म्हणून उतरत नव्हती. म्हाताऱ्याचा आवाज बसत चालला. बाईंना ते ऐकवेना. स्वतःवरच चिडत त्यांनी दार उघडलं आणि सज्ज्यातून हाक मारली, "आइए!"

साहेब धापा टाकत वर आले. सलाम केला आणि जिन्याशी जाऊन, सवयीने, "पर्दा कर लीजिए..."

"किसको बोलते हैं आप?" बाई कडाडल्या. "ऊपर है कौन? हमको तो आपने ताला लगाके रखा है!"

साहेब गोंधळले. "ताला? बहनजी, वो तो दरवाज़े की कुंडी ढीली है, इसलिए अटका रखा है। बिल्ली आ जाती है। चाबी तो अब्बा के ज़माने में खो गई।" मग जरा अडखळत म्हणाले, "और आवाज़ तो आप ही के लिए देता हूँ। सोचता था, सर्दी है, किसी दिन तो आप ऊपर धूप में बैठी होंगी।"

हेमलताबाई गुडघ्यांवर हात टेकत, पहिल्यांदाच तो जिना चढल्या. कुलूप हातात घेतलं. ते उघडंच होतं. कडीतून काढलं, दार ढकललं. कबुतरं फडफडत उतरू लागली. मशिदीच्या घुमटामागे ऊन नुकतंच गेलं होतं. कठड्याशी एक वेताची खुर्ची होती, पाठ पूर्वेकडे, सकाळच्या उन्हाकडे करून ठेवलेली, धूळ पुसलेली.

"मी म्हणत नव्हतो, विचार म्हणून?" खालून श्यामकांतराव ओरडले.

"गप्प बसा हो!" बाई म्हणाल्या, आणि त्या गार खुर्चीत बसून रडू लागल्या.